कौसाबाईंकडचे सुटे पैसे

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

सकाळी पाणी आलं, भरलं. दुपारी मुलाने, प्रज्वलने, माळ्यावरून हिचा पत्र्याचा डबा काढून दिला. संध्याकाळी तो उघडला. सुनेने, तेजलने, ताट वाढलं होतं. भूक नव्हती, तसंच झाकून ठेवलं.

ही जाऊन दहा महिने होत आले. हेंद्रेपाड्याच्या नाक्यावर हिची पिठाची गिरणी होती. मी अंबरनाथला कारखान्यात तपासणी विभागात होतो. यंत्राचा तयार झालेला भाग मोजायचा आणि पास किंवा नापास करायचा, हे माझं काम. ही गिरणीच्या गल्ल्यात आलेले रुपये तपासायची. दोघांचा धंदा तसा एकच, असं ती म्हणायची.

डब्यात तिचा रुपयांचा अल्बम आहे. १९८२ पासून २००४ पर्यंतचे रुपये, प्रत्येक सालचे, प्रत्येक टांकसाळीचे. सालाच्या खाली बारीक खूण असते. मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची खूण नसते, तीच तिची खूण. प्रत्येक नाण्याखाली कागदाची पट्टी आहे आणि तिच्यावर हिच्या अक्षरात, नाणं कोणाकडून आलं आणि दळण काय होतं. ‘शिंपीणबाई, ज्वारी.’ ‘पाटलांची धाकटी सून, भाजणी.’ नियम एकच होता. नाणं विकत घ्यायचं नाही, मागायचं नाही, दुसऱ्या संग्राहकाशी बदलायचं नाही. सुट्या पैशांत येईल तेच ठेवायचं.

तीन जागा रिकाम्या आहेत. तिन्ही परदेशात पाडून आणलेल्या रुपयांच्या. १९८५ चे दोन, एकावर सालाखाली इंग्रजी एच आणि दुसऱ्यावर सालाच्या पहिल्या आकड्याखाली चौकट. तिसरा १९९८ चा, स्लोव्हाकियाचा.

वर्षश्राद्ध ९ डिसेंबरला आहे. तोपर्यंत तिन्ही जागा भरायच्या, असं ठरवलं. नियम तोच. आयुष्यभर बारीक बघण्याचीच नोकरी केली, हे मला जमेल.

१४ ऑक्टोबर

भिंग, व्यास मोजायचा व्हर्नियर आणि छोटा वजनकाटा टेबलावर मांडले. अडचण नाण्यांची नाही, सुट्या पैशांची आहे. रिक्षावाल्याला पन्नासची नोट दिली तर तो म्हणाला, “काका, स्कॅन करा ना.” दूधवाला, वाणी, इस्त्रीवाला, सगळ्यांकडे तेच. गिरणीचं यंत्र विकलं नसतं तर बरं झालं असतं, असं आज पहिल्यांदा वाटलं.

१७ ऑक्टोबर

काही मिळालं नाही. तेजल संध्याकाळच्या शिकवणीची मुलं यायच्या आधी म्हणाली, “बाबा, कौसामावशींकडून कोथिंबीर आणाल का? त्यांचा फोन बिघडलाय, रोखच घेतात. माझ्याकडे रोख नसते.”

कौसाबाई बाजाराच्या तोंडाशी गोणपाट टाकून पालेभाजी विकतात. हिचं दळण-भाजीचं जाणं-येणं होतं त्यांच्याशी. मी गेलो. सुट्यात दोनाचं एक नवं नाणं आलं. नापास.

२२ ऑक्टोबर

पाडवा. आमच्याकडे यंदा काही नाही. शेजारच्या तिन्ही घरांनी फराळाचे डबे आणून दिले. चकली खाल्ली. हिच्या चकलीपेक्षा तेल जास्त होतं.

आता रोज काहीतरी आणायचं असतं. तेजलचं भाजीचं नियोजन चांगलं नाही. एकदाच सगळं सांगितलं तर एका फेरीत होईल, असं तिला म्हटलं. “विसरते हो बाबा,” म्हणाली. आठवीला गणित शिकवणारी मुलगी कोथिंबीर विसरते.

२९ ऑक्टोबर, बुधवार

मिळाला. १९८५, सालाखाली एच.

मेथीची जुडी पंधराला होती. वीस दिले. कौसाबाईंनी पाचचं नाणं न देता पाच सुटे रुपये मोजून दिले. जुन्या पद्धतीच्या आहेत. मी खिशात टाकून निघालो तर मागून हाक आली.

“भाऊ, नीट बघून घ्या. मागनं म्हणाल बाईनं कमी दिलं.”

“तुमच्यावर विश्वास आहे.”

“विश्वास ठेवा बाजूला. मोजा.”

मोजले, बरोबर होते. घरी येऊन भिंगाखाली धरले तर तिसरा तोच. वजन सहा ग्रॅम, व्यास सव्वीस मिलीमीटर, बरोबर. झीज फारच कमी, सिंहाच्या आयाळीचे केसही मोजता येतील. कडेला थोडा हिरवट चिकट थर होता. पालेभाजीच्या रसाचा असणार. कापसाने हलकेच पुसला, घासला नाही. नाणं घासायचं नसतं, हे हिने मला शिकवलं होतं. पट्टीवर लिहिलं, ‘कौसाबाई, मेथी.’

तेजलला दाखवला. तिने भिंग घेतलं आणि बराच वेळ बघितलं. म्हणाली, “आईंना आवडला असता.” रात्री मेथीची भाजी होती. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

४ नोव्हेंबर

विचार केला. असं नाणं कौसाबाईंकडेच का यावं? आज सहज चौकशी केली. त्यांची नणंद अंबरनाथला शिवमंदिराच्या वाटेवर बेल-फुलं विकते आणि आठवड्याला इकडे येते. म्हणजे साखळी जुळली. लोक घरात जपलेलं जुनं नाणं खर्चत नाहीत, पण देवाच्या दारात गेले की काढतात. ते फुलवालीकडे येतं, ती वहिनीला सुटे देते, आणि वहिनी मला. नाण्यावर झीज का नव्हती, तेही यातून कळतं. ते इतकी वर्षं कोणाच्या तरी देव्हाऱ्यात होतं.

कारखान्यात असं कारण शोधून काढलं की साहेब पाठ थोपटायचे.

कौसाबाईंना विचारलं, नणंद सुटे पैसे देते का तुम्हाला? त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, “देती की. देती, देती.”

१२ नोव्हेंबर, बुधवार

दुसराही मिळाला. १९८५, पहिल्या आकड्याखाली चौकट. पुन्हा कौसाबाई, पुन्हा बुधवार. नणंद मंगळवारी येत असणार. या खेपेला हिशेबात त्यांनी एक रुपया जास्तच दिला होता. परत करायला गेलो तर रागावल्या. “घ्या हो. रुपयासाठी काय उलट येता.” त्यांचा हिशेब कच्चा आहे. हिरवट थर याच्यावरही होता, पालकाचा.

१६ नोव्हेंबर, रविवार

ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर बोललो. असं मी कधी करत नाही, पण महिपतीने नाव पुढे केलं. महिपती माझ्याच कारखान्यातला, भट्टी विभागातला, आता आमच्या मागच्या गल्लीत राहतो. सुटे पैसे कोणत्या वाटेने फिरतात आणि जुनं नाणं कुठे गाठावं, हे देव्हारा, फुलवाली, भाजीवाली अशा क्रमाने सांगितलं. सगळ्यांनी नीट ऐकलं. एकाने विचारलं, मोबाइलवर दाखवतात तसे लाखो रुपये मिळतात का. मी म्हटलं, ती फसवणूक आहे, रुपयाची किंमत रुपया.

तिथे बोलताना आवाज चांगला लागला.

२१ नोव्हेंबर

कट्ट्यावरचे पाच-सहा जण रोज कौसाबाईंकडे जातात. नोट देतात आणि सुटे रुपयेच मागतात. आज मी गेलो तेव्हा त्या मला म्हणाल्या, “भाऊ, ही तुमची माणसं आवरा. एक जण जुडी न घेता नुसते सुटेच मागतो.”

महिपतीही भेटला. “कमळाकर, तुला बरं सापडतं. मला नुसते दोनचे आणि पाचचे. बायको म्हणते, मेथी आणलीस तर घरात घेणार नाही.”

“नमुना अजून लहान आहे,” मी म्हटलं. “चिकाटी ठेव.”

“चिकाटी ठेवतो. पोट बिघडलंय, ते कुठे ठेवू?”

२६ नोव्हेंबर, बुधवार

उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये गेलो होतो. तिथे जितेश म्हणून एक सिंधी दुकानदार आहे, फोटोफ्रेम आणि जुनी नाणी विकतो. पत्ता हिच्या डब्यातल्या एका पाकिटावर छापलेला होता. विकत घ्यायचं नव्हतं. १९९८ चा स्लोव्हाकियाचा रुपया मी कधी पाहिलेला नाही, खूण कशी दिसते तेवढं बघायचं होतं.

नाव सांगितलं तर त्याने स्टूल पुसून दिलं. “बैठो काका, बैठो. गिरणीवाल्या आंटीचे मिस्टर ना तुम्ही? आंटी यायच्या ना इथे. कधी काय घ्यायच्या नाहीत. बोलायच्या, जितेश, नुसतं दाखव, म्हणजे माझ्या गल्ल्यात आलं तर मी ओळखेन. मी बोलायचो, आंटी, ऐसे तो मेरा धंदा बंद हो जाएगा.”

मला हे माहीत नव्हतं. ती कॅम्पात जायची ती कापड आणायला, असं मी समजत होतो.

मी १९९८ चा दाखव म्हटलं. तो म्हणाला, “साईं, तो तर परवाच गेला. तुमच्या सूनबाई घेऊन गेल्या ना. फोन करून ठेवला होता, आला की सांग म्हणून. पहले वाले दो तो दिवाली के टाइम लेके गए.” मग माझ्याकडे बघून तो थांबला. “काय झालं? पानी मंगाऊं?”

पाणी नको म्हटलं. काउंटरवर त्याचा अल्बम उघडा होता. प्लॅस्टिकची जुनी, मऊ पाकिटं. त्यातल्या प्रत्येक रुपयाच्या कडेला तोच हिरवट चिकट थर होता.

परत येताना मी विठ्ठलवाडीपर्यंत चालत आलो. मग रिक्षा केली.

२७ नोव्हेंबर

पालकाचा रस. काय म्हणावं.

सालं बरोबर, खुणा बरोबर, वजन बरोबर, व्यास बरोबर. फक्त नाणं आलं कुठून, हे मी तपासलं नाही. म्हणजे तपासलं, आणि चुकीचं पास केलं.

दोन्ही १९८५ अल्बममधून काढले. विकत घेतलेले आहेत, नियमात बसत नाहीत. काढून टेबलाच्या खणात ठेवले. तेजलला बोलायचं ठरवलं होतं. ती मुलांना वर्गमुळं शिकवत होती. मधेच बाहेर आली आणि म्हणाली, “बाबा, चहा टाकू का तुमचा?” हो म्हटलं. बोललो नाही.

२९ नोव्हेंबर

महिपतीला सांगितलं की माझा सिद्धांत नापास आहे. कारण सांगितलं नाही.

“म्हणजे मी पंधरा दिवस मेथी उगाच खाल्ली?”

“हो.”

“बरं झालं बाबा, बायकोला सांगतो,” म्हणाला आणि चहा पाजला.

३ डिसेंबर, बुधवार

तेजल दुपारी म्हणाली, “बाबा, मेथी संपली.” फ्रीजमध्ये दोन जुड्या आहेत, मी सकाळी पाहिल्या. पिशवी घेऊन निघालो. काय होणार ते मला माहीत होतं आणि काय करायचं तेही ठरवलं होतं.

कौसाबाईंनी जुडी दिली, पाच रुपये मोजले. सगळ्यात वर तोच. बाकीचे चार मळलेले आणि हा एकटा चकचकीत, चष्म्याशिवाय दिसत होता. मी तो परत त्यांच्यापुढे धरला.

“याचा कढीपत्ता द्या.”

“कढीपत्ता तसाच न्या. त्याला कशाला पैसं?”

“फुकट नको.”

“मग दुसरा द्या भाऊ. ह्यो नको.”

“का?”

त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. “ह्यो खोटा वाटतोय.”

“खोटा आहे तर तुम्ही मला कसा दिलात?”

शेजारी लिंबं विकणारा जयदेव हसायला लागला. “मावशे, आता सांग की.”

“तू तुझी लिंबं बघ,” त्या त्याला म्हणाल्या. मला म्हणाल्या, “भाऊ, ऐका माझं. ठेवा तो खिशात.”

“मी पैसे दिले, तुम्ही कढीपत्ता दिला. व्यवहार पूर्ण झाला,” असं म्हणून मी तो गोणपाटावर ठेवला आणि आलो. वाटेत बरं वाटत होतं. घरी पोचेपर्यंत तेवढं राहिलं नाही.

४ डिसेंबर

दुपारी मी आतल्या खोलीत आडवा होतो. दार वाजलं. कौसाबाईंचा आवाज आला.

“ताई, माझ्याकडून घोटाळा झाला गं. काल भाऊंनी तो रुपया माझ्याच तोंडावर परत केला. मी म्हटलं, बाजूला काढून ठेवीन. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, गर्दी झाली, आणि कुणाला तरी सुट्यात देऊन बसले. सगळा गल्ला उपडा केला. नाही.”

“हळू बोला मावशी, बाबा आत आहेत,” तेजल म्हणाली. पण ती स्वतःही हळू बोलत नव्हती. “आता दुसरा नाही मिळायचा एवढ्यात. श्राद्धाला पाच दिवस राहिलेत. आईंचं एवढं एकच त्यांनी मनावर घेतलं होतं, मावशी. त्या निमित्ताने बाहेर पडायला लागले होते. जेवायला लागले होते.”

“मीच बावळट. तूच दिला म्हणून सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं.”

“सांगितलं असतं तर घेतला नसता त्यांनी.”

हे बरोबर होतं. घेतला नसता.

मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या. तेजल रडत असावी. कौसाबाई म्हणत होत्या, “गप, गप. माझ्या नवऱ्यानंतर मला सहा महिनं बाजारात बसवत नव्हतं. तुझी सासूच घेऊन आली होती हाताला धरून.”

जेवणाचा आणि नाण्यांचा संबंध मला नीट कळला नाही. जेवतो आहे तो भूक लागते म्हणून. पण रुपया माझ्यामुळे गेला. त्यांनी ठेवा म्हटलं होतं आणि मी ठेवला नाही. नियम पाळला, आणि घरात एक मुलगी रडते आहे. ही असती तर तिने मला काय म्हटलं असतं, ते मला ऐकू येतं.

६ डिसेंबर

दोन दिवस तेजलने काही आणायला सांगितलं नाही. मी आपणहून गेलो. कौसाबाईंनी माझ्याकडे न बघता कोथिंबीर दिली.

“कोणतं गिऱ्हाईक होतं, आठवतंय का?” असं विचारणार होतो. नियमाप्रमाणे विचारता येत नाही. विचारलं नाही.

“कौसाबाई,” मी म्हटलं, “तो रुपया खोटा नव्हता.”

“मला काय कळतंय त्यातलं,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “पोरीवर रागावू नका.”

“रागावलो नाही.”

“मग तसं तिला सांगा. मला सांगून काय उपयोग?”

९ डिसेंबर

वर्षश्राद्ध झालं. प्रज्वलने रजा घेतली होती. गुरुजी वेळेवर आले. गिरणीच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी बऱ्याच जणी आल्या होत्या. कौसाबाई धंदा बंद ठेवून सकाळपासून मदतीला होत्या. पानात अळूचं फदफदं, वडे, खीर. सगळं तेजलने केलं.

सगळे गेल्यावर तेजल मागच्या गॅलरीत पातेली पालथी घालत होती. मी तिथे गेलो. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

“तेजल,” मी म्हटलं, “परत जितेशकडे गेलीस तर त्याला सांग, पाकिटं बदल म्हणावं. त्या मऊ प्लॅस्टिकने रुपयांना हिरवं येतं.”

तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मग तिने ते नीट खाली ठेवलं.

“कधीपासून माहीत आहे?”

“नोव्हेंबरअखेरीपासून.”

“मग बोलला का नाहीत, बाबा?”

“तूही बोलली नव्हतीस.”

ती हसली आणि पदराने तोंड पुसलं. “परत देऊ का ते दोन? जितेश घेईल.”

“नको. अल्बममध्ये राहतील.”

“पण आईंचा नियम?”

“सुट्या पैशांतच आलेत ते माझ्याकडे. कौसाबाईंच्या हातून. त्यांच्याकडे कुठून आले, असं हिने कधी कोणाला विचारलं नाही. शिंपीणबाईंनी ज्वारीबरोबर दिलेला रुपया त्यांना कोणी दिला, हे आपण कुठे विचारलं?”

तेजल म्हणाली, “हे तुमचं कारखान्यातलं उत्तर झालं.”

“हो. पण पास आहे.”

“आणि तिसरा?”

“तिसरा आता हेंद्रेपाड्यात कोणाच्या तरी खिशात आहे,” मी म्हटलं. “आतापर्यंत दुकानातल्या पाकिटात होता. आता खरा चलनात आहे.”

१० डिसेंबर

सकाळी दोन्ही १९८५ परत त्यांच्या जागी लावले. जुन्या पट्ट्या काढून नव्या केल्या. ‘तेजल, कौसाबाईंच्या हाती. मेथी.’ दुसरीवर तसंच, फक्त मेथीच्या जागी पालक. अक्षर हिच्याइतकं चांगलं नाही. १९९८ ची जागा रिकामीच ठेवली. तो सापडेल. हेंद्रेपाडा काही मोठा नाही, आणि रुपया स्वतःहून लांब जात नाही. एक-दोन वर्षं लागतील. मला वेळ आहे.

प्रज्वल कामावर गेला. तेजल माहेरी एक दिवस राहून यायला गेली, वर्षभर गेली नव्हती. दुपारी एकट्यापुरतं वरण-भात केला. लिंबू नव्हतं. पायात चपला घातल्या, खाली उतरलो, जयदेवकडून दहाची चार लिंबं घेतली आणि वीसची नोट दिली. त्याने सुटे हातावर ठेवले. खिशात टाकले, घरी आलो, लिंबं धुतली आणि एक कापलं.